जिन्यातून गेलेली रेघ

सखुबाईच्या वर्षश्राद्धाची शेवटची पंगत उठली तेव्हा दोन वाजून गेले होते. खीर, वडे, कढी पोटात गेल्यावर पाहुणे मांडवाच्या सावलीत लवंडले होते. तानुबाईला मात्र पाठ टेकायला जागा सापडेना. सखुबाई-फकिराबाबांची ती थोरली लेक, मालेगावहून पहिल्या एसटीनं आलेली. एका खोलीत बायका पसरलेल्या, दुसरीत पत्रावळींचे गठ्ठे. आईची खोली उघडायची तिची हिंमत झाली नाही. मग तिनं भावाच्या, सावळीरामच्या खोलीचं दार लोटलं.

पलंगावर कागद होता. पलंगभर एकच कागद, आणि चार कोपऱ्यांवर चार स्टीलच्या वाट्या उपड्या घातलेल्या.

तानुबाईला अक्षर येत नव्हतं. पण असला कागद तिनं एकदा पाहिला होता. सासरी दिरांची वाटणी झाली तेव्हा ओसरीवर असाच पसरला होता. चौकटी चौकटींच्या खोल्या, त्यात नावं, कडेला आकडे आणि मधून एक लाल रेघ. त्या रेघेनंतर सख्ख्या दिरानं बारा वर्षं तिच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं. इथंही रेघ लालच होती. पुढच्या दारातून शिरून घराच्या पार मागं निघालेली.

ती उंबऱ्यातच उभी राहिली. मग खालच्या आवाजात तिनं धाकट्या भावाला हाक मारली.

"कुंदन, इकडे ये. हाई काय शे रे?"

कुंदन चष्मा पुसत आला. नाशिक रोडच्या प्रेसमध्ये त्याची अठरा वर्षं झाली होती. घरातलं कुठलंही कागदपत्र त्याच्या नजरेखालून जायचं, अशी त्याची समजूत होती. तो वाकला. पहिल्यांदा त्याला स्वतःचंच नाव दिसलं, सावळीरामच्या लेकीच्या, शुभांगीच्या अक्षरात. 'कुंदनकाका, उज्वलाकाकू, राज', खाली खोलीचं माप. रेघेच्या पलीकडच्या अंगाला 'अण्णा, आई', त्याखाली माप. अलीकडं 'आजी (रिकामी)'. 'बाबा' पुढच्या ओट्यावर. चूल, मोरी, गोठा, तुळस, सगळं फूट-इंचांत.

आणि ती रेघ. तिच्या दोन्ही टोकांना बाण होते.

कुंदननं रेघेवरून बोट फिरवलं. घर १९८१ साली बांधलं तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. विटा त्यानंही वाहिल्या होत्या. आणि त्याला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

"वाटणी शे ना?" तानुबाईनं विचारलं.

त्यानं वाट्या बाजूला केल्या, कागद दोन्ही हातांनी उचलला आणि तो मधल्या खोलीत घेऊन गेला.

* * *

सावळीराम ओट्यावर बापाच्या पायाशी बसला होता. धाकट्याची हाक आली ती नेहमीसारखी नव्हती.

"अण्णा, आत या. बाबांनाही आणा."

मधल्या खोलीत फरशीवर कागद पसरला होता आणि भोवती कुंदनची बायको उज्वला, सावळीरामची बायको विमलाबाई आणि तानुबाई अशा उभ्या होत्या की जणू कुणी मयत आणून ठेवलंय. फकिराबाबा काठी टेकत आले आणि खुर्चीत बसले.

"आईला जाऊन आज वर्ष झालं," कुंदन म्हणाला. "आजचाच दिवस सापडला का?"

"कशाला?"

"ह्याला."

सावळीरामनं कागद पाहिला. तो त्याला ओळखीचा होता आणि नव्हताही. त्याची पोरगी अकरा दिवस या कागदावर वाकून बसली होती. शाळेच्या दप्तराएवढी एक पेटी, त्यात सुईसारख्या टोकाची पेनं, आणि जेवायला हाक मारली की "शाई वाळू दे". काय काढतेस विचारलं तर म्हणाली, "घर." त्याला वाटलं असेल कुणा शेठचं, पुस्तकातलं.

"हे आपलं घर हाय?" त्यानं विचारलं. त्यानं खरंच विचारलं होतं.

"नाटक नका करू, अण्णा. शुभांगीचं अक्षर मला कळत नाही का? दिवाळीत फीत घेऊन घरभर मोजत हिंडत होती. मी विचारलं तर म्हणाली, कॉलेजचं आहे. आता कॉलेजात आपल्या वाटण्या शिकवतात होय?"

"मला काय बी ठाऊक नाय, कुंदन. आईची शपथ."

"आईची शपथ आजच्या दिवशी?"

"आरे, पण..."

"म्हणूनच तो इंटिरियरचा हट्ट होता का? मी तेव्हाच म्हणालो होतो, पडदे लावायला चार वर्षं कोण शिकतं? डी.एड. करू दे, दोन वर्षांत मास्तरीण होईल. तर नाही. आता कळलं. घरातलाच मोजणीदार तयार केला तुम्ही."

भावानं आयुष्यात पहिल्यांदा चार पाहुण्यांत सावळीरामवर आवाज चढवला होता. ओट्याच्या खिडकीतून दोन चेहरे आत डोकावले आणि मागं झाले.

उज्वला एव्हाना गुडघ्यावर बसून कागद पाहत होती. तिनं बोट ठेवलं.

"मोरी त्यांच्याकडं गेली."

"काय?" कुंदन म्हणाला.

"अहो, रेघ बघा ना. मोरी, हातपंप, मागचं दार, सगळं पलीकडं. आम्ही अंघोळीला कुठं जायचं? गोदावरीवर?"

"आणि गोठा कुणाकडं गेलाय ते पण वाच की," विमलाबाई म्हणाली. हे कागदाचं तिला आत्ताच कळलं होतं; नवरा खोटं बोलत नाही हेही तिला माहीत होतं. पण जाऊ वाचायला लागली म्हटल्यावर तिनंही मान पुढं केली. "दोन्ही म्हशी तुमच्याकडं. शेण मी काढायचं आणि दूध राजनं प्यायचं."

"म्हशींचं नाव कुठं लिहिलंय?"

"गोठा तुमच्याकडं म्हटल्यावर म्हशी काय माडीवर बांधायच्या?"

"बरं, आणि ही सासूबाईंची खोली. ती आमच्या अंगाला आलीये, तेवढं तरी नीट झालं. राजची पुढच्या वर्षी दहावी. त्याला अभ्यासाला..."

"ती खोली तुमची कशी?" विमलाबाईचा आवाज फाटला. "आठ महिने त्या खोलीत सासूबाईंचं हगणं-मुतणं मी काढलं. तू रविवारची यायचीस नाशिक रोडवरनं, सफरचंदं घेऊन."

"नोकरीच्या गावाला क्वार्टर होतं तर काय करणार? आता आलोय ना राहायला? आणि सफरचंद त्यांनी मागितलं होतं."

"आरे गप बसा गं," तानुबाई म्हणाली. मग तिनंही खाली वाकून बघितलं. "पण सावळ्या, खोली आईची शे तर ती मधेच ठेवा ना. लेकी माहेरी येतील त्या कुठं उतरतील?"

फकिराबाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. कागदावरचं त्यांना पांढरंच दिसत होतं. ऐकू मात्र सगळं येत होतं. ते वाट पाहत होते. कुणीतरी एक जण म्हणेल, वाटणी नको. थोरला म्हणेल, नाहीतर लेक तरी म्हणेल. दहा मिनिटं झाली. मोरी झाली, गोठा झाला, सखूची खोली झाली, पुढच्या अंगणातला गुलाब झाला, शेवंतीच्या वाफ्यांना पाणी कुठून द्यायचं ते झालं. हे सगळं यांना आत्ता सुचलेलं नव्हतं. कुठली म्हैस कुणाची, हे इतक्या लवकर कुणाला सुचत नाही.

ते फक्त म्हणाले, "शुभीला बोलवा."

* * *

शुभांगी मागच्या दारी वत्सलाकाकूबरोबर मोठी पातेली घासत होती. राखेच्या हातानं ती आत आली आणि पहिल्यांदा तिला दिसला उज्वलाकाकूचा अंगठा, कागदाच्या कोपऱ्यावर, पायाचा.

"काकू, पाय. पाय काढ आधी."

तिचा आवाज असा होता की उज्वलानं खरंच पाय काढला.

"उद्या दहाला द्यायचाय तो," शुभांगी म्हणाली आणि गुडघ्यावर बसून कागदाचा कोपरा मनगटानं सपाट करायला लागली. "उशीर झाला तर घेत नाहीत. फरशीवर कुणी टाकला?"

"मी," कुंदन म्हणाला. "तू आधी हे सांग, हे कुणी काढायला लावलं?"

"मॅडमनी."

"कुठल्या मॅडमनी?"

"कॉलेजच्या. काका, तिसऱ्या वर्षाचं काम आहे हे. राहतं घर मोजायचं. जसं आहे तसं काढायचं. कोण कुठं झोपतं, कुठं जेवतं, कुणाची पेटी कुठं असते. नवं काही सुचवायच्या आधी माणसं कशी राहतात ते बघा, असं असतं ते."

"आणि ही रेघ?"

"कुठली?"

"ही. लाल." कुंदननं बोट नाचवलं. "इकडं ते, तिकडं आम्ही."

शुभांगी रेघेकडं पाहत राहिली. मग काकाकडं, मग वडिलांकडं. आत्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला काही क्षण कळेचना की ही माणसं काय बोलतायत. कळलं तेव्हा तिला हसू आलं, आणि ते अर्ध्यातच थांबलं.

"ती वाटणीची नाहीये," ती म्हणाली. "ती सेक्शनची रेघ आहे."

"कसली?"

"आत्या, कोबीचा गड्डा असतो ना. तो मधून उभा कापला की आतले पदर दिसतात. तसं घर कापलं असं धरायचं. कापलं तर आत उभं राहिल्यावर काय दिसेल, ते दुसऱ्या कागदावर काढायचं. कुठून कापलं ते कळावं म्हणून ही रेघ. बाण कुठल्या बाजूला बघायचं त्याचे. घर वाटायचं नसतं त्यात."

"घर कापायचं," फकिराबाबा म्हणाले.

"कागदावर, बाबा."

"मग मधूनच कशाला नेली?" कुंदन म्हणाला, पण आवाज उतरला होता.

"जिन्यातून गेलीच पाहिजे, असा नियम आहे. जिना कापल्याशिवाय पायऱ्या कळत नाहीत. आपला जिना मध्ये आहे, मी काय करू?"

मग सावळीरामनं कपाळावर हात मारला आणि तो हसायला लागला. त्याचं हसणं रडण्याच्या जवळ होतं. कुंदननं चष्मा काढून उगाच पुसला. "मला काय माहीत," तो म्हणाला. "आक्कानं हाक मारली."

"मना काय दोष? मला अक्षर येतं का?" तानुबाई म्हणाली. "तू शिकलेला ना?"

"अण्णा, चुकलं माझं."

"आरं चुकलं काय त्यात. कॉलेजचं हाय, झालं. शुभे, गुंडाळ तो कागद आन् ठेव आत. चहा टाका गं कुणीतरी."

दोघे भाऊ एकदम जवळ आले. विमलाबाईनं उज्वलाला हाताला धरून उठवलं. म्हशींचं कुणी काही बोललंच नव्हतं अशा चेहऱ्यानं दोघी स्वयंपाकघराकडं वळल्या.

तिथं दारात वत्सलाबाई उभी होती. बहिरूची बायको. पाण्याच्या मोटारीच्या तारेला चिकटून गेलेल्या मधल्या भावाची. हातात घासलेलं पातेलं होतं आणि डोक्यावरचा पदर ओला झाला होता. ती केव्हापासून उभी होती कुणाला माहीत नव्हतं.

"गुंडाळू नको, शुभा," ती म्हणाली.

* * *

घरात वत्सलाचं बोलणं म्हणजे मीठ आहे का, विकायच्या वेण्या किती ओवल्या, गजऱ्याच्या दोऱ्याची रिळं संपली, एवढंच. थोरल्या दिरासमोर तर ती पदर पुढं ओढूनच यायची. आताही तिनं ओढला. पण ती आत आली.

"वहिनी, ते खरं नाहीये," कुंदन हसून म्हणाला. "कॉलेजचं आहे."

"ऐकलं मी. रेघ खरी नसंल. तुम्ही बोलले ते तर खरं होतं."

"ते असंच. रागात."

"मोरी कुणाची, गोठा कुणाचा, सासूबाईंची खोली कुणाची. मागं पातेली घासताना सगळं ऐकू येतं, भाऊजी. मी म्हटलं आता माझं नाव येईल. आता येईल. दोन पातेली झाली तरी आलं नाही."

फकिराबाबांनी काठी फरशीवर टेकली. "शुभे, वत्सला कुठं हाय यात?"

शुभांगीला बोट ठेवावंसं वाटत नव्हतं. तिनं ठेवलं. "जिन्याखाली."

"माप काय?"

"सव्वासहा फूट लांबी. पावणेतीन रुंदी." ती थांबली. "लाल रेघ तिच्या अंथरुणावरून जाते."

हे सांगताना तिची मान खाली गेली, त्याचं कारण या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं. पहिल्या कच्च्या कागदावर तिनं जिन्याखाली लिहिलं होतं 'सामान'. फुलांच्या पाट्या, पोती, जुना कंदील, पत्र्याची पेटी, एक उशी, सगळं नीट काढलं होतं. मॅडम पेन्सिल फिरवत तिथं थांबल्या आणि म्हणाल्या, "सामानात उशी कशी?" तेव्हा पुरा वर्ग बसला होता. वीस वर्षं ती या घरात राहत होती. काकूच्या मांडीवर ती वाढली होती. आणि तिनं लिहिलं होतं, सामान. त्या दिवशी कॉलेजमधून नाशिक रोडपर्यंत ती बसमध्ये उभी आली. बसायला जागा होती तरी.

"वहिनी," कुंदन समजुतीच्या सुरात म्हणाला, "तुमचं काय वेगळं असणार? तुम्ही दोन्हीकडच्या. अण्णांकडं जेवलात काय, आमच्याकडं जेवलात काय. तुम्हाला कोण नाही म्हणणार आहे?"

"भाऊ तीन होते," वत्सला म्हणाली. "रेघ एकच कशी?"

पातेलं अजून तिच्या हातात होतं. ते कुणी घेतलं नाही.

सावळीराम खाली बसला. त्याला आठवला तो बहिरू. हा जिना बहिरूनं बांधला होता, गवंडी पळून गेल्यावर, स्वतः. पायऱ्या कमीजास्त उंचीच्या झाल्या म्हणून सगळे त्याला चिडवायचे. तो गेला आणि दोन वर्षांनी कुंदनचं लग्न निघालं. नव्या जोडप्याला खोली हवी. आई म्हणाली, वत्सला, दोन दिवस बाहेर निजशील का? सावळीराम तेव्हा तिथंच उभा होता. वत्सलानं आपली पेटी उचलून जिन्याखाली नेली, ते त्यानं पाहिलं होतं. कुंदन पुढं क्वार्टरला गेला, खोलीला कुलूप लागलं, कुंदन परत आला, कुलूप निघालं. तिसऱ्या दिवसानंतर कुणालाच काही आठवलं नव्हतं. त्यालाही नाही.

"वहिनी, हे आज नको," कुंदन म्हणाला. "पाहुणे आहेत. संध्याकाळी बसू आपण निवांत."

"पंधरा वर्षांपूर्वी दोन दिवस म्हणाले होते, भाऊजी. पाहुणे हायेत म्हणूनच आज. उद्या हे गेल्यावर मी कुणासमोर बोलू? पातेल्यांसमोर?"

तानुबाई हसली आणि लगेच तोंडावर पदर धरला. हसायची ती वेळ नव्हती.

वत्सलानं पातेलं खाली ठेवलं. "शुभा, दुसरी रेघ काढ."

* * *

"डोकं फिरलंय का वहिनी," कुंदन म्हणाला. "पोरीचं काम आहे ते. उद्या दहाला द्यायचंय, आत्ताच म्हणाली ना? नाही दिलं तर वर्ष जातं. आणि वर्ष गेलं की काय ठरलंय ते सगळ्यांना माहिती आहे. बाबांसमोर ठरलंय."

ठरलेलं होतं. दिवाळीत कुंदननं त्याच्या खात्यातलं एक स्थळ आणलं होतं. शुभांगी जेवली नव्हती दोन दिवस. शेवटी बाबांनी तोडगा काढला होता. एकही वर्ष न चुकता शिकली तर चौथं वर्ष होऊ द्यायचं. एक जरी गेलं, की शिक्षण बंद आणि त्या स्थळाला होकार.

"शुभे," सावळीराम म्हणाला. त्यानं पोरीकडं पाहिलं नाही. "गुंडाळ. तुझं तू उद्या देऊन ये. हे घरातलं आम्ही बघू."

"दुसऱ्या कागदावर काढा की," उज्वला म्हणाली. "राजची वही देऊ का?"

वहीच्या पानाचं काय होतं हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

वत्सलाचा चेहरा बदलला. हे वर्षाचं तिच्या ध्यानात आलं नव्हतं. "तुझं वर्ष जाईल?" तिनं विचारलं. "मग नको. राहू दे, शुभा. मी आपली बोलले." ती वाकून पातेलं उचलायला लागली.

शुभांगीनं कागदाकडं पाहिलं. अकरा दिवस. तुळशीची पानंसुद्धा तिनं एकेक काढली होती. तिला फक्त एवढंच म्हणायचं होतं की हो, हे कॉलेजचं आहे, याला काही अर्थ नाही. घरातले सगळे तेच तर म्हणत होते, तिच्याच भल्यासाठी. कागद गुंडाळला की चहा होईल. काकू कप विसळेल. पाहुणे पाचच्या गाडीनं जातील.

ती उठून आत गेली. कुंदनला वाटलं, कागद ठेवायची नळी आणायला गेली. ती परत आली तेव्हा तिच्या हातात लाल पेन होतं. टोपण काढून तिनं ते काकूपुढं धरलं.

"मला कुठं येतं?" वत्सला म्हणाली.

"अक्षर नाही काढायचं. रेघ तर आहे."

"शुभांगी," कुंदन म्हणाला.

"काका, बाबांना विचारा. घर बाबांचं आहे."

सगळे बाबांकडं वळले. फकिराबाबांचे पांढुरके डोळे समोरच्या भिंतीवर होते, जिथं सखुबाईचा हार घातलेला फोटो होता. त्यांना तो दिसत नव्हता.

"सखूनं म्हटलं होतं दोन दिवस," ते म्हणाले. "तिला आठवन कुनी केली नाय. मी बी नाय केली. सखूची खोली आता रिकामी हाय." ते थांबले. "वत्सला, काढ."

"मामंजी, रेघ वाकडी जाईल."

"माझी बी वाकडीच गेली आस्ती."

वत्सला कागदापुढं बसली. पेन तिनं सुई धरावी तसं धरलं, दोन बोटांत. जिन्यापासून सुरुवात केली. रेघ सरळ गेली नाही. ती आजीच्या खोलीच्या दाराशी वाकडी झाली, तुळशीच्या काढलेल्या पानांना चाटून गेली, शाईचा एक थेंब 'रिकामी' या शब्दावर पडला आणि पसरला. खोलीला वळसा घालून रेघ बाहेरच्या भिंतीला लागली. वत्सलानं पेन उचललं तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता.

शुभांगीनं तिला थांबवलं नाही.

"गेलं वर्ष," कुंदन म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला विश्वासच बसत नव्हता. "स्वतःच्या हातानं घालवलंस."

"उद्या हाच नेईन," शुभांगी म्हणाली. "जसं आहे तसं काढा म्हणाल्या होत्या. आता असं आहे. नाही घेतला तर परत परीक्षेला बसेन."

"ठरलेलं विसरलीस."

"नाही विसरले. लग्नाला उभी नाही राहणार, एवढं सांगते. बाकी तुम्ही मोठी माणसं."

कुंदननं थोरल्याकडं पाहिलं. असल्या उत्तरावर बापानं काहीतरी म्हणायला हवं होतं. सावळीराम फरशीवरच बसून होता. पहिल्यांदाच तो तो कागद नीट बघत होता, आपली खोली, आपला पलंग, बायकोच्या पेटीचा चौकोन.

"मी येतो उद्या संगट," तो म्हणाला. "तुझ्या मॅडमला सांगतो, ही रेघ पोरीची नाय. आमची हाय."

"अण्णा, तुम्ही पण?" कुंदन म्हणाला.

"कुंदन, तो जिना बहिरूचा हाय."

कुंदन उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. उज्वलानं त्याची बाही ओढली. ती त्यानं सोडवून घेतली. मग तो ओट्यावर गेला. तिथून त्याचा आवाज आला नाही, पण चपला घातल्याचाही आला नाही.

तानुबाईनं डोळे पुसले. "बाबा, माझा अंगठा घ्या त्यावर," ती म्हणाली. "माहेरच्या लेकीनं पाहिलंय म्हणून. उद्या कोणी म्हणायला नको."

शुभांगीनं तिच्या अंगठ्याला लाल शाई लावली. नंतर बाबांच्याही. दोन्ही ठसे कागदाच्या त्या कोपऱ्यात उमटले जिथं नाव, हजेरी क्रमांक आणि वर्ष लिहायचं असतं.

वत्सला अजून तिथंच बसली होती. तिला काय झालं ते तिला कळत नव्हतं. तिनं रेघेच्या आत बोट ठेवलं आणि लगेच उचललं, शाई ओली असेल म्हणून.

"हे किती होतं, शुभा?"

शुभांगीनं पट्टी लावली. "दहा फूट. बाय साडेनऊ."

"आणि उंची?"

"उंची या कागदावर कळत नाही, काकू. त्यासाठीच तर ती पहिली रेघ होती. तो कागद अजून झालाच नाहीये."

"मग?"

"चल. मोजू."

फीत दाराच्या खिळ्याला होती. आजीच्या खोलीची कडी वर्षभरानं निघाली. आत बंद खोलीचा वास होता, पलंगावर गादी नव्हती, खिडकीच्या गजांवर कोळ्यानं जाळं केलं होतं. शुभांगी पलंगावर चढली. वत्सलानं फितीचं टोक फरशीवर अंगठ्याखाली दाबून धरलं. सवयीनं तिनं मान आत ओढली होती.

मधल्या खोलीत विमलाबाई, उज्वला, तानुबाई कुणीच हललं नव्हतं. फीत ताणल्याचा आवाज आला. मग शुभांगीचा.

"नऊ फूट आठ इंच."

फीत सळसळत खाली आली.

"परत मोज," वत्सला म्हणाली.